इजारेदारापासून फ्रँचायझीपर्यंत

कुंभकोणमच्या बसस्थानकात दोन जातीच्या गाड्या लागतात. काही सरकारी महामंडळाच्या, काही खासगी मालकांच्या. रस्ते तेच, थांबेही बरेचसे तेच आणि भाड्याचा दर ठरवणारे सरकारही एकच. खासगी गाडी लांबूनच ओळखू येते. आत तमिळ सिनेमाची गाणी जोरात लागलेली असतात आणि कंडक्टर दारात लोंबकळत पुढच्या गावांची नावे एका दमात म्हणत असतो. सरकारी गाडीला एवढी घाई नसते. मात्र तिच्या साध्या नगर-बसमध्ये मे २०२१ पासून बायकांना तिकीट नाही. मेलकावेरी ही या शहराची कावेरीकाठची वस्ती. तिथून बाजारात माल घेऊन येणारी बाई समोर उभी असलेली खासगी गाडी सोडते आणि सरकारी बसची वाट बघते. नोकरीची वेळ गाठायची असलेला माणूस मात्र जी गाडी आधी निघेल तिच्यात चढतो. चांगली सेवा कोणती, असे दोघांना विचारले तर उत्तरे वेगळी येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

या शहरात एके काळी रामन अँड रामन नावाची मोठी खासगी बस कंपनी होती. परवान्यांवरून तिचे इतके तंटे झाले, की त्यातला एक सर्वोच्च न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने प्रशासकीय निर्णयात किती हात घालावा, यावरचा १९५२ सालचा तो निकाल वकीलमंडळी अजून काढून दाखवतात. पुढे तमिळनाडू सरकारने मोठ्या बसमालकांचा धंदा ताब्यात घेतला आणि १९७२ मध्ये कुंभकोणमला चोळन रोडवेज हे सरकारी महामंडळ उभे राहिले. आज त्याचेच नाव तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ, कुंभकोणम. मुंबईतही हेच घडले होते. आपली 'बेस्ट' १९०५ पासून खासगी कंपनी होती आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेने विकत घेतली. म्हणजे सार्वजनिक सेवा मुळात सरकारी असते आणि अलीकडे ती खासगी हातांत चालली आहे, हा आपला समज अर्धाच खरा आहे. ट्राम, वीज आणि बस या पुष्कळदा खासगी कंपन्यांनीच सुरू केल्या. त्या गरिबाला आणि आडगावाला पोचेनात म्हणून सरकारने घेतल्या. मग सरकारला त्या झेपेनात म्हणून पुन्हा कंपन्यांना बोलावणे गेले. हे चक्र एकदा ध्यानात आले, की खासगीकरणावरची निम्मी भांडणे आपोआप थंड होतात.

तरीही मराठी वाचकांसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेची सुरुवात कावेरीकाठी कशाला, असे कुणी विचारील. कारण बसचे नाही, एका माणसाचे आहे. सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या आणि तिथेच रुजलेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेले होते. माधवरावही त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि शेवटी बडोद्याचे दिवाण झाले. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये ते बडोद्यात आले, तेव्हा गादीवर दत्तक आलेले सयाजीराव बारा वर्षांचे होते. मराठी माणसाला बडोदे म्हटले की सयाजीरावच आठवतात. त्यांच्या हाती राज्य येण्याआधी घडी बसवून देणारा हा दिवाण आपण जवळपास विसरलो आहोत.

बडोद्यात त्यांना आढळला तो इजारा. सरकारला पैसे हवे असत, पण महाल-परगण्यांत स्वतःची माणसे ठेवून वसुली करण्याचा खटाटोप नको असे. मग महालाच्या वसुलीचा लिलाव होई. जो जास्त बोली बोलेल त्याच्या नावे इजारा. बोली बोलणाऱ्याच्या मागे बहुधा एखादा सावकार असे आणि कधी कधी इजारदार स्वतःच दरबारातला बडा सरदार असे. ठरलेली रक्कम त्याने सरकारात भरली, की रयतेकडून तो काय आणि कसे काढतो हे बघायला कुणी जात नसे. पुढच्या खेपेला दुसरा कुणी चढी बोली बोलून महाल घेईल ही धास्ती असल्याने विहीर खणणे, पडीक जमीन लागवडीला आणणे असल्या लांब पल्ल्याच्या गोष्टींत त्याला रस नसे. हातात आहे तोवर पिळून घ्यायचे. यात आणखी एक तोटा होता आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. कोणत्या गावाची ऐपत किती, हे कळणारी माणसे आणि कागद सरकारकडे उरतच नसत. रयत काय देते हे इजारदाराला ठाऊक, त्याच्या कारकुनाला ठाऊक. दरबाराला फक्त पोत्यात आलेली रक्कम ठाऊक.

माधवरावांनी ही पद्धत मोडली. पगारी अंमलदारांमार्फत थेट वसुली सुरू केली, हिशेब लिहायला लावले, दरसालच्या कारभाराचे अहवाल छापले. इजारे गेले तसे अनेक सरदार दुखावले. ते साहजिकच होते.

पण हेच माधवराव त्रावणकोरात असताना काय करत होते? तिथे मिरी आणि तंबाखू यांच्या व्यापारावर सरकारचीच मक्तेदारी होती. ती त्यांच्या काळात उठली, व्यापार व्यापाऱ्यांना मोकळा झाला आणि सरकारने जकातीवर समाधान मानले. राज्य कर्जातून बाहेर आले. एका राज्यात सरकारचा हात काढून घेतला, दुसऱ्यात घातला. त्यांना आजच्या भाषेत खासगीकरणवादी म्हणावे की सरकारवादी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. मिरी विकायला राज्याची सत्ता लागत नाही. सारा वसूल करायला लागते. त्यांनी भेद केला तो इथे, आणि आज निविदा काढणाऱ्यांनाही याहून चांगला भेद सापडलेला नाही.

आता भिवंडीला येऊ.

२००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाली, तेव्हा भिवंडी हे तिचे दुखणे होते. लाखो यंत्रमाग, दाटीवाटीचे शेड, गल्लीबोळांतून लोंबणाऱ्या तारा, उघड्या डीपी, जागोजागी टाकलेले आकडे. शहरात गेलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे कंपनीच्या हाती येत नव्हते. ताण इतका, की वर्षभरात शंभरातली चाळीसेक रोहित्रे जळत. रोहित्र जळाले की ते बदलायला वेळ लागे, तोवर माग बंद. माग बंद म्हणजे कारागिराची मजुरी बंद, कारण त्याला मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. वीजचोरीला हात घालायला गेलेल्या वायरमनला मार खाऊन परतावे लागे, असेही प्रकार होते. अशा शहरातले वितरण २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर या कंपनीकडे दहा वर्षांसाठी देण्यात आले. २००३ च्या वीज कायद्याने ज्या फ्रँचायझीला वाट करून दिली होती, तिचा देशातला हा पहिला मोठा प्रयोग.

कराराची कळ समजून घेण्यासारखी आहे. टोरंट महावितरणकडून वीज घेते ती शहराच्या वेशीवर, जिथे मोठ्या वाहिन्या आत शिरतात तिथे, आणि तिथल्या मीटरवर मोजून. त्या युनिटमागे ठरलेला दर ती महावितरणला देते. आत शहरात ती वीज ग्राहकाला कोणत्या दराने विकायची, हे मात्र वीज नियामक आयोग ठरवतो, इतर महाराष्ट्राला जो दर तोच. म्हणजे वेशीपासून मागापर्यंत जेवढी वीज गळेल किंवा चोरीला जाईल तेवढा तोटा कंपनीच्या अंगावर, आणि गळती जेवढी कमी होईल तेवढा तिचा नफा. दर वाढवून पैसे मिळवायची वाट बंद. मग कंपनीला एकच उद्योग उरतो. चांगली रोहित्रे बसवा, मीटर बदला, तारा जमिनीखालून न्या, आकडे काढा, वेळेवर बिले द्या आणि वसूल करा. तिने ते केले, आणि सुरुवातीलाच पुष्कळ भांडवल ओतून केले. पाच-सहा वर्षांत गळती विशीच्या आसपास आली आणि रोहित्रे जळण्याचे प्रमाण शंभरात चार-दोनवर आले. देशभरातले अधिकारी भिवंडी बघायला येऊ लागले.

एवढ्यावर थांबले तर ही कंपनीची जाहिरात होईल. भिवंडीत 'टोरंट हटाव'च्या घोषणाही तितक्याच जुन्या आहेत. बिले फुगवून येतात, मीटर पळतात, जुनी थकबाकी काढून जोडणी तोडतात, या तक्रारींवर तिथे मोर्चे निघाले आणि निवडणुका लढवल्या गेल्या. त्यातल्या काही तक्रारी फुकटची वीज बंद झाल्याच्या आहेत हे उघड आहे. पण सगळ्याच तशा नाहीत. ज्या कंपनीचा नफा वसुलीवर अवलंबून आहे, तिने चुकीचे बिल दिले तर सामान्य ग्राहकाने जायचे कुठे? कंपनीच्या दारात. महावितरणकडे गेला तर ती टोरंटकडे बोट दाखवणार. तक्रार मंच कायद्याने आहेत, पण तिथवर पोचणारा ग्राहक निराळा असतो. एका मागावर पोट असलेला माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून सुनावणीला जात नाही.

भिवंडीची वाहवा होताच तीच चाल आणखी तीन शहरांत खेळली गेली. २०११ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत जीटीएल, नागपूरच्या मोठ्या भागात स्पॅन्को आणि जळगावात क्रॉम्प्टन ग्रीव्हज आली. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपवावा लागला आणि जळगावचा २०१५ मध्ये. नागपुरात स्पॅन्कोच्या जागी दुसरा गुंतवणूकदार येऊन काम एसएनडीएल या नावाने चालले, पण २०१९ मध्ये तिथलाही कारभार महावितरणने परत घेतला. करारांचा साचा मूळचाच होता, देणारे सरकारी खाते तेच होते, कायदा तोच होता. मग भिवंडीत जमले ते इथे का फसले?

मला यात बडोद्याच्या महालांचे लिलाव दिसतात. फ्रँचायझी मिळायची ती महावितरणला युनिटमागे सर्वांत जास्त दर देऊ करणाऱ्याला. भिवंडीतली गळती इतकी भयंकर होती, की चढा दर कबूल करूनही कमवायला जागा होती. बाकीच्या शहरांत गळती त्या मानाने कमी, म्हणजे सुधारून मिळवायची कमाईही कमी. पण भिवंडीचे यश डोळ्यांसमोर असल्याने बोली मात्र चढ्या लागल्या. बोली पेलेना तेव्हा कंपनीने गुंतवणुकीत हात आखडला, महावितरणची थकबाकी साचली आणि दोन्ही बाजू पत्रव्यवहारात शिरल्या. करार सुरू होतानाचे गळतीचे आणि मागणीचे मूळ आकडेच कितपत खरे, यावरही वाद झाले. या वादांतून मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. आपल्या शहरात वीज कुठे किती जाते, हे देणाऱ्या खात्यालाच नीट ठाऊक नसेल, तर घेणाऱ्याने किती सुधारणा केली हे ते कसे मोजणार? २०२० मध्ये कळवा-मुंब्रा-शिळ आणि मालेगाव इथे पुन्हा फ्रँचायझी आल्या. दोन्ही ठिकाणी गळती जबर होती, यावरून तेवढा धडा तरी घेतला गेला असे म्हणता येईल.

विजेत निदान मीटर असतो. दाखला, परवाना, पारपत्र यांना मीटर नाही. तरी पारपत्राचे काम या विषयावरचा माझा सर्वांत आवडता दाखला आहे. कुंभकोणम परिसरातली माणसे कित्येक पिढ्यांपासून सिंगापूर, मलेशिया आणि पुढे आखातात कामाला जात आली आहेत. कोकणाशी त्यांचे या बाबतीत साम्य आहे. अशा मुलखात पारपत्र ही हौस नसते. महिनाभर उशीर झाला तर हातची नोकरी जाते. २००८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार केला आणि २०१२ पर्यंत देशभर पासपोर्ट सेवा केंद्रे उघडली. मेलकावेरीच्या माणसाला जवळचे केंद्र तंजावरला आहे, चाळीसेक किलोमीटरवर.

केंद्रात गेलेल्या प्रत्येकाने तीन खिडक्या पाहिलेल्या असतात. ए खिडकीवर कंपनीचा कर्मचारी बसतो. तो कागद तपासून स्कॅन करतो, फोटो काढतो, बोटांचे ठसे घेतो, नावाचे स्पेलिंग एकदा आपल्याकडून वाचून घेतो. बी खिडकीवर सरकारी अधिकारी मूळ कागद पडताळतो. सी खिडकीवरचा अधिकारी पारपत्र द्यायचे की नाही हे ठरवतो, आणि तोही सरकारीच. रांग, टोकन, संगणक, एसी, स्वच्छ संडास हे कंपनीचे. 'हो' किंवा 'नाही' म्हणणे सरकारचे. एकाच दालनात, दहा-वीस पावलांच्या अंतरात ही सीमा आखलेली आहे आणि ती अर्जदारालाही दिसते. मिरी आणि सारा यांतला माधवरावांचा भेद तो हाच. गंमत अशी, की या सगळ्यानंतर पारपत्र कधी येते हे पुष्कळदा चौथ्याच ठिकाणी ठरते. पोलीस पडताळणीचा शिपाई घरी कधी येतो त्यावर. तिथे कंपनी नाही, टोकन नाही आणि घड्याळही नाही.

आपल्या गावातल्या 'आपले सरकार सेवा केंद्रा'ची कथा इथेच अडते. केंद्र चालवतो तो गावातलाच एखादा तरुण. त्याची जागा, त्याचा संगणक, त्याचा प्रिंटर आणि अर्जामागे ठरलेला वाटा. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तो रात्री जागून अर्ज भरतो, कारण रात्री सर्व्हर जरा बरा चालतो. अर्ज तहसील कार्यालयात क्षणात पोचतो आणि तिथे सहीसाठी थांबतो. सही आता डिजिटल आहे. ती करायला बोट लागते ते जुन्याच माणसाचे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा करून प्रत्येक सेवेला मुदत घातली, चुकल्यास अपिलाची सोय केली आणि दंडाचीही तरतूद केली. कायदा चांगला आहे. पण ज्याचा दाखला अडला त्या विद्यार्थ्याला अपील नको असते, तारखेच्या आत दाखला हवा असतो. शिव्या मात्र केंद्रवाल्या पोराला बसतात, कारण समोर तोच असतो.

नागपूरच्या पाण्याबद्दल थोडक्यात. महापालिकेने २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे पंचवीस वर्षांसाठी दिला. पाणी, जलवाहिन्या आणि दर ठरवण्याचा हक्क महापालिकेचाच, चालवणे कंपनीचे. चोवीस तास पाण्याचे आश्वासन सगळ्या शहरापर्यंत ठरल्या वेळेत पोचले नाही. मात्र कराराकडे लक्ष ठेवायला महापालिकेने स्वतःची वेगळी कंपनी काढली, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तिने किती डोळसपणे लक्ष ठेवले, यावर नागपुरात दोन मते आढळतील.

उरला बसचा प्रश्न, जिथून सुरुवात केली. मुंबईत बेस्टने गेल्या काही वर्षांत स्वतःच्या गाड्या कमी करत भाडेतत्त्वावरच्या वाढवल्या. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, दुरुस्ती त्याची. रंग, क्रमांक आणि तिकीट बेस्टचे. किलोमीटरमागे दर ठरलेला. प्रवाशाला वातानुकूलित गाडी मिळाली, तीही २०१९ मध्ये सहा रुपयांपासून, हे खरेच. पण ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा गाड्या डेपोतच राहिल्या आणि बेस्टकडे पर्यायी चालक पुरेसे नव्हते. काही कंत्राटदार तर परवडत नाही म्हणून मधेच सोडून गेले. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशाच एका भाड्याच्या विजेवरच्या बसने माणसे चिरडली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांचा प्रश्न एकच होता, या चालकाला ही गाडी चालवायला कुणी आणि किती दिवस शिकवले? तिकिटावर बेस्टचे नाव असताना हा प्रश्न विचारावा लागतो, यावरून करार कसा लिहिला होता ते समजते. किलोमीटर मोजायचे ठरले होते म्हणून किलोमीटर मोजले गेले. शिकवण्याचे दिवस कुणी मोजत नव्हते.

एसटीतही आता कंपनीच्या चालकाच्या विजेवरच्या गाड्या येत आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. त्याची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची आणि महामंडळाने कंत्राटदाराला किलोमीटरचे पैसे द्यायचे. साखळीतला पहिला दुवा उशिराने हलला, की शेवटच्या दुव्याचा पगार थकतो. त्यामुळे खासगी कंपनी किती कार्यक्षम आहे हे बघण्याआधी सरकार तिला पैसे वेळेवर देते का, हे बघायला हवे. या विषयावरच्या मराठी लेखनात हे क्वचित सापडते. आपण कंत्राटदाराच्या नफ्यावर लिहितो, तसे त्याच्या थकलेल्या बिलांवरही लिहायला हवे. बिले थकवणाऱ्या खात्याशी करार करायला चांगली कंपनी येत नाही. मग जी येते ती थकबाकीची किंमत आधीच दरात धरून येते, किंवा चालकाच्या पगारातून काढते.

भिवंडीचा करार २०१७ मध्ये आणखी दहा वर्षांनी वाढवला गेला. ती मुदत जानेवारी २०२७ ची आहे. तोवर वीस वर्षे झालेली असतील. २००७ मध्ये भिवंडीच्या गल्ल्या ओळखणारे महावितरणचे अभियंते आणि वायरमन तोवर बहुतेक निवृत्त झालेले असतील. कोणती केबल कुठून जाते, कोणत्या रोहित्रावर किती भार आहे, कोणत्या शेडमध्ये मीटर फिरवला जातो, हे आज कंपनीच्या माणसांना माहीत आहे. करार पुन्हा द्यायचा असो, दुसऱ्याला द्यायचा असो की शहर परत घ्यायचे असो, टेबलाच्या सरकारी बाजूला बसणाऱ्याला भिवंडी स्वतः ठाऊक हवी. ती कुणाला ठाऊक आहे, हे महावितरणने निविदेची कागदपत्रे छापण्याआधी तपासावे.